खडूच्या भिंती

सातवीण फुलली की अर्ध्या ठाण्याचं डोकं दुखायला लागतं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी दसऱ्याच्या आसपास कुणीतरी लिहितं, की हा वास असह्य आहे, ही झाडं एकदाची तोडून टाका. मी दरवर्षी खाली लिहिते, खिडकी लावून घ्या. मग दोन-तीन दिवस लिफ्टमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही. तेवढीच शांतता मिळते.

यंदाही फुलली. परवा संध्याकाळी नौपाड्यातून दुकानाकडे चालले होते आणि तो जड, गोडसर, थोडासा औषधी वास नाकात शिरला. त्यासरशी पाय आपोआप भराभर पडायला लागले. वय एकसष्ट, दोन्ही गुडघे तक्रारखोर, आणि मी तालमीला उशीर होतोय म्हणून पळतेय. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे हौशी नाटकांच्या स्पर्धांचा हंगाम. पाऊस सरलेला असतो, उकाडा परतलेला असतो, घराघरांत चकलीची भाजणी भाजली जात असते आणि नाटकाचं वेड असलेल्यांचा घरात पाय ठरत नाही. असे कितीतरी हंगाम मी काढले. पण सातवीण मला आठवण करून देते ती एकाच हंगामाची, चार वर्षांपूर्वीच्या. त्या वर्षी मी कुठल्याही नाटकात नव्हते. त्या वर्षी मी फक्त एक सही केली नाही.

आमची इमारत म्हणजे तळमजला आणि वर एक मजला. मालकी एका जुन्या संस्थेची. खाली पाच दुकानं, त्यातलं एक आमचं, बाबांनी थाटलेलं मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस, बटणं. शेजारी चष्मेवाले काका, पलीकडे फरसाणवाले. वर संस्थेचा हॉल. तिथे सकाळी योगासनं, दुपारी भजनी मंडळ, संध्याकाळी सातनंतर तालमी. पुढे नव्या इमारतीचं जे गुळगुळीत माहितीपत्रक निघालं, त्यात ‘संस्कृती आणि व्यवसाय यांचा एकाच छताखाली संगम’ असं छापलेलं होतं. मला हसूच आलं. आमच्याकडे तो संगम पन्नास वर्षं चालू होता, फक्त कुणी त्याचं माहितीपत्रक काढलं नव्हतं.

हॉलची जमीन लाकडी फळ्यांची आणि फळ्यांमध्ये फटी. वर मारामारीचा प्रसंग आला की खाली आमच्या पांढऱ्या अस्तरावर धूळ पडायची. बाबा तागा झटकत म्हणायचे, “दुसरा अंक सुरू झाला वाटतं.” गिऱ्हाईक बायका रंग जुळवता जुळवता वरचे संवाद ऐकायच्या. एकदा एक बाई पिस्ता रंगाचा तुकडा हातात धरून बराच वेळ नुसती उभी होती. मी विचारलं, हा नको का? ती म्हणाली, “थांबा हो जरा. तो तिला खरं सांगतोय की नाही, ते कळू दे.”

वर अण्णांचं राज्य होतं. अण्णा संस्थेचे कार्यवाह. दिवसा बँकेत, संध्याकाळी दिग्दर्शक. नवं नाटक बसवायला घेतलं की पहिल्या दिवशी ते खडू घेऊन जमिनीवर उकिडवे बसायचे आणि सगळा सेट खऱ्या मापात आखायचे. ही भिंत, हे दार, ही खिडकी. रिकामा चौकोन म्हणजे खुर्ची, आतून भरलेला छोटा चौकोन म्हणजे स्टूल. मी एकोणीस वर्षांची असताना एका संध्याकाळी त्यांचा प्रॉम्प्टर आला नाही, म्हणून मला दुकानातून वर बोलावलं. मी वही घेऊन सरळ मध्ये चालत गेले. अण्णांनी मानही वर न करता सांगितलं, “भिंतीतून आलीस. परत जा. दारातून ये.”

मी हसले. बाकी कुणीच हसलं नाही. मग मी परत गेले, हवेतली कडी काढली आणि दारातून आत आले. पुढची तीसेक वर्षं मी त्या हॉलमध्ये पडद्याआडून इतरांना त्यांची विसरलेली वाक्यं सांगितली, पण खडूच्या भिंतीवर परत कधी पाय दिला नाही. तालमीत उशीर चालायचा, रुसवेफुगवे चालायचे, दर हंगामात एखादं प्रेमप्रकरणही चालायचं. भिंतीतून जाणं मात्र चालायचं नाही. ज्या माणसाला नसलेली भिंत दिसत नाही, त्याच्याकडून नाटक काय होणार, असं अण्णांचं म्हणणं.

इमारत थकली, हे खोटं नाही. छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या वाकल्या, कौलं गळायला लागली आणि एका जून महिन्यात दारावर ‘धोकादायक’ अशी पाटी लागली. पुनर्बांधणीला माझा विरोध नव्हता, हे आधीच सांगून टाकते. जुनं ते सगळं सोन्याचं, असं मानणाऱ्यांतली मी नाही. चार महिने ताग्यांवर प्लास्टिक अंथरून आणि बादल्या उपसून कंबर माझी मोडत होती, जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांची नव्हे.

बिल्डर म्हणून आले कोपरीचे दिनेशशेठ. त्यांच्या आजोबांनी मिठागरात काम केलेलं, वडिलांनी जमिनी राखल्या, शेठनी त्यावर इमारती उभ्या केल्या. गळ्यात जाड साखळी, पायांत पांढरे बूट, बोलणं तोंडावर. मला माणूस आवडला होता. त्यांच्या सौभाग्यवती माझ्या दुकानातून दर लग्नसराईला ढीगभर लेस नेत.

त्या ऑक्टोबरमध्ये हॉलमध्येच सभा झाली. भिंतीवर चित्रं दाखवली. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर हॉल, त्यावर दोन मजले ऑफिसं, सगळ्यात वर हॉटेल. हॉलच्या चित्रात एक मुलगी तंबोरा घेऊन बसलेली आणि तिच्या शेजारी दोघं कॉफी पीत होते. अण्णांनी उठून सांगितलं, “प्लॅन मी बारकाईनं पाहिलाय. हॉल जुन्याच मापाचा आहे. इंचभर कमी नाही.” टाळ्या पडल्या. आम्हा भाडेकरूंना संमतीपत्रं वाटली आणि दिवाळीच्या आत सह्या करा, असं सांगण्यात आलं.

माझं काउंटर कुठे बसेल ते पाहायला मी प्लॅनची प्रत दुकानात नेली. पहिल्या मजल्याच्या पानावर हॉलच्या अगदी मधोमध दोन छोटे भरलेले चौकोन होते. दोन स्टुलं, मी मनात म्हटलं. मग खालच्या मजल्याचं पान उलटलं. माझ्या नव्या दुकानातही, बरोबर त्याच जागी, तसाच चौकोन. दुकानात मी कुठलं स्टूल मागितलं नव्हतं.

प्लॅन काढणाऱ्या मुलीला, सायलीला, फोन केला. ती म्हणाली, “काकू, ते कॉलम आहेत. वर तीन मजले आहेत ना, त्यांचा भार खाली आणावाच लागतो.” मी विचारलं, हॉलच्या मधोमध? ती म्हणाली, “मी सभेत सांगणार होते. पण अण्णांनी प्लॅन ओके केलेला, मग मला वाटलं त्यांना चालतंय.”

प्लॅन घेऊन मी तशीच अण्णांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला. मग खुर्चीत बसले. “मला ती स्टुलं वाटली गं,” ते म्हणाले. “मी म्हटलं, सेट मांडून दाखवलाय.”

आयुष्यभर जमिनीवर नकाशे काढलेला माणूस, आणि त्यामुळेच फसलेला. दुसरा कुणी वाण्याउदम्यातला कार्यवाह असता तर त्यानं निदान विचारलं असतं, हे काय आहे म्हणून. मला राग आला, पण तो त्यांच्यावर काढवेना. रागावायला मग मी दुसरी माणसं शोधली. ती भरपूर होती.

मी सही करणार नाही असं कळवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा समजूत घालणारेच जास्त यायला लागले. चष्मेवाले काका म्हणाले, “तुला तुझं दुकान मिळतंय ना? मग वरच्या हॉलचं तुला काय पडलंय?” फरसाणवाले म्हणाले, तुमच्या एका सहीपायी आम्ही सगळे लटकलोय. ते खोटं बोलत नव्हते. पाचही संमती आल्याशिवाय काम सुरू होणार नव्हतं, आणि ती इमारत पुढचा पावसाळा काढेल याची खात्री कुणालाच नव्हती. मलाही नव्हती. मी फार शूर आहे असा कुणाचा समज नको व्हायला. माझी रोजीरोटी त्याच छपराखाली होती आणि मला भीती वाटत होती.

दिनेशशेठ स्वतः आले. काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, “ताई, मना सांगा, खांब काय मी खिशात घालू? त्याला छान कापड गुंडालू, लायटिंग करू. तुमचे नाटकवाले खांबाच्या बाजूनं करतील ना खेल. अ‍ॅडजस करायचा असतो.”

हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आले. तालमीला जागा नाही, शाळेच्या वर्गात बाकं सरकवून करा, अ‍ॅडजस्ट करा. आज हॉल लग्नाला दिलाय, गच्चीवर करा. डोंबिवलीची मुलं तर एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये तालमी करायची, गाडी आली की प्रसंग थांबवायचा आणि गाडी लागली की पुढचं वाक्य म्हणायचं. ‘सांस्कृतिक’ हा शब्द माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात असतो आणि प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला कोपरा येतो. कोपरा देतानाही देणाऱ्याच्या चेहऱ्यावर उपकार असतो. मला कोपरा नको होता. मला मधली जागा हवी होती. चाळीस फूट लांब, पंचवीस फूट रुंद आणि मधोमध काहीही नाही. या शहरात सगळ्यात महाग वस्तू कुठली असेल तर ती हीच, काहीही नसलेली मधली जागा. ती आमच्याकडे होती आणि आम्ही ती दोन स्टुलांपायी घालवायला निघालो होतो.

हे मला सभेत बोलता आलं नसतं. प्रॉम्प्टरला स्वतःची वाक्यं सुचत नाहीत. पण खडू माझ्याकडे होता, कापडावर खुणा करायचा, आणि मोजायची टेपही होती.

एका रविवारी दुपारी मी हॉल उघडून घेतला आणि सायलीनं काढलेला प्लॅन जुन्या फळ्यांवर खऱ्या मापात आखायला बसले. खिडकीतून सातविणीचा वास नुसता आत लोटत होता. निम्म्यात गुडघ्यांनी संप पुकारला. मागून काठीचा आवाज आला. अण्णा जिना चढून आले होते, दर पायरीला थांबत. माझ्या कामाकडे पाहून म्हणाले, “हा काटकोन आहे?” आणि माझ्या हातातून खडू घेतला. ऐंशीला आलेला तो माणूस खाली बसला आणि त्यानं माझी रेघ पुसून नवी ओढली. दार कुठल्या बाजूला उघडतं, तेही दाखवलं. शेवटी दोन्ही खांब आम्ही मिळून आतून भरले, पांढरेशुभ्र.

चार वाजता, मी बोलावल्याप्रमाणे, संस्थेच्या कार्यकारिणीची सातही मंडळी आली. खालचे दुकानदार आले, सायली आली, शेवटी फोनवर बोलत दिनेशशेठ. मी एवढंच म्हणाले, “या, नवा हॉल बघायला या.”

पुढे जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. कार्यकारिणीतले सगळे कधी ना कधी त्याच जमिनीवर घडलेले. ते सातही जण खडूनं काढलेल्या दाराशी रांगेत उभे राहिले. एकानं त्या नसलेल्या उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, मग बाकीच्यांनीही काढल्या. एकेक करून ते दारातून आत आले. दिनेशशेठ मात्र बूट घालून, फोन कानाला लावून, थेट भिंतीतून चालत आले आणि बरोबर एका खांबावर येऊन उभे राहिले.

“शेठ,” अण्णा म्हणाले, “भिंतीतून आलात.”

शेठनी फोन खाली घेतला. पायाखाली पाहिलं. अण्णा म्हणाले, “आता आलाच आहात तर तिथंच उभे राहा. तुम्ही खांब. सायली, तू त्या दुसऱ्या चौकोनावर.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “खिडकीशी जा. बाप घरी येतो तो प्रवेश करू.”

आमच्याच एका जुन्या नाटकातला प्रवेश. खूप वर्षांनी बाप परत येतो, मुलगी खिडकीशी उभी असते, दोघं नुसती एकमेकांकडे पाहतात, आणि सगळं नाटक त्या पाहण्यातच आहे. मी तो शंभरदा पडद्याआडून पाहिला होता, केला कधीच नव्हता. मी खिडकीशी जाऊन वळले. अण्णा दारातून आले. मला ते दिसले नाहीत. मध्ये दिनेशशेठचा पांढरा शर्ट होता.

शेठ चटकन बाजूला सरकले. सभ्य माणूस.

“जागेवर या,” अण्णा म्हणाले. “खांब हलत नसतो.”

कुणी हसलं नाही. शेठ परत चौकोनावर आले. अण्णा पुन्हा दाराबाहेर गेले, पुन्हा आत आले, माझ्याकडे पाहायला डावीकडे झुकले, मग उजवीकडे. मीही झुकले. बापलेक इतक्या वर्षांनी भेटतायत आणि खांबाआडून लपंडाव खेळतायत. चष्मेवाले काका पहिल्यांदा बोलले, ते जरा चिडूनच, “हे काय दिसतंय? काहीच दिसत नाही.” त्या दिवसापर्यंत ते मला सही कर म्हणून सांगत होते.

सायली तिच्या चौकोनावरून न हलता म्हणाली, “सर, हॉल सगळ्यात वर नेला तर? वर फक्त छप्परच येईल. लोखंडी कैच्यांवर पेलता येतं ते. मध्ये कॉलम लागणार नाही.”

“सगल्यात वरचा मजला मी हाटेलवाल्याला कबूल केलाय,” शेठ म्हणाले.

“मग माझ्या जागी सही त्याचीच घ्या,” मी म्हणाले. माझा आवाज त्या हॉलमध्ये पडद्याआडून नव्हे, मोकळ्यावर, पहिल्यांदाच इतका खणखणीत निघाला. मलाच दचकायला झालं.

शेठ निघाले. जाताना मात्र दारापर्यंत गेले, आणि तिथे जरा घुटमळून पुन्हा भिंतीतूनच बाहेर पडले. त्यानंतर दिवाळी आली. वसुबारस, पाडवा, भाऊबीज गेली, कुणाचा निरोप नाही. त्या दिवाळीत चिवडा मला गोड लागला नाही, हे कबूल करते. मी सगळ्यांचं नुकसान करून बसले की काय, या विचारानं दुकानात उभं राहवत नव्हतं. पण आता चार सह्यांच्या विरुद्ध मी एकटी नव्हते. काकांनीही आपलं संमतीपत्र मागे घेतलं होतं. मला न सांगता.

भाऊबीजेनंतर चार दिवसांनी शेठ आले. काउंटरवर गुंडाळी उलगडली. खाली दुकानं, मग ऑफिसं, मग हॉटेल आणि सगळ्यात वर हॉल. मी भिंग घेऊन कोपरा न् कोपरा पाहिला. मधोमध एकही चौकोन नव्हता. “आता तरी करताव सही?” शेठ म्हणाले. मी म्हणाले, जुन्या हॉलच्या फळ्या नव्या हॉलला लावणार असाल तर. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि हो म्हणाले. त्या फळ्या तीन वर्षं शीळफाट्याच्या गोदामात पडून होत्या. मी दर दिवाळीला जाऊन मोजून आले. तिथला रखवालदार मला फळ्यावाली बाई म्हणतो.

आता इमारत उभी आहे. सगळं मिळालं असं म्हणणार नाही. हॉल चौथ्या मजल्यावर गेला. माझ्या डोक्यावर आता एक विमा ऑफिस आहे आणि तिथून काहीही ऐकू येत नाही. अस्तर दिवसभर पांढरंशुभ्र राहतं, याचं मला अजून वाईट वाटतं. पिस्ता रंगाच्या तुकड्यापाशी आता कुणी थबकत नाही. मुलांना सेटचं सामान लिफ्टनं चढवावं लागतं आणि लिफ्टमध्ये सोफा मावत नाही. अण्णांना हॉल आवडला, लिफ्ट आवडली नाही. ते म्हणतात, त्यात प्रवेशाची तयारी करायला वेळच मिळत नाही.

परवा मी घाईघाईनं गेले ती तिथेच. डोंबिवलीची मुलं पहिल्या तालमीला आली होती. ती पार्किंगवाली. त्यांनी फळ्यांवर खडूऐवजी कागदी चिकटपट्टीनं भिंती आखल्या होत्या. अण्णा कोपऱ्यात खुर्ची टाकून नापसंतीनं पाहत होते. मी खिडकी उघडली. सातविणीचा वास चौथ्या मजल्यापर्यंत येतो की नाही, याची मला चार वर्षं धाकधूक होती. येतो.

इतक्यात लिफ्टमधून दिनेशशेठ बाहेर पडले, सोबत एक सुटाबुटातले पाहुणे. भिवंडीकडे असंच काही बांधायचंय म्हणून दाखवायला आणलेले. पाहुणे मोबाइल वर धरून फोटो काढत सरळ आत निघाले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेठनी त्यांचं कोपर धरून मागे ओढलं.

“साहेब, भिंत हाय तिथं,” ते म्हणाले. “दारातून या.”

पाहुणे जमिनीकडे बघत राहिले. मग दिनेशशेठनी बूट काढले, दोन पावलं बाजूला गेले आणि हवेतली कडी काढून त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.